ओटीवरील फळा

‘झांकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण ठाऊक नाहीं असें मराठी घर विरळा. संसारांत झांकून ठेवण्यासारख्या गोष्टी पुष्कळ असतात, आणि त्यांच्यापुरती ही म्हण खरीहि आहे. परंतु विद्येच्या बाबतींतहि आपण तीच चालवितों, हें मात्र आम्हांस अलीकडे जाचूं लागलें आहे. पुरतें येईल तोंवर बोलूं नये, चुकेल त्यानें चारचौघांत तोंड उघडूं नये, निकाल लागला म्हणजे पेढे वांटावे आणि तोंवर शेजाऱ्यासहि सुगावा लागूं देऊं नये, अशा शिस्तींत आम्ही वाढलों. आणि छत्तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकवितांना तीच शिस्त आम्हीं मुलांना लाविली. या वर्षीं, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीं, संगणक शिकण्याचा प्रसंग आला आणि ती शिस्त आम्हांला मोडावी लागली. ती कशी मोडली, व मोडतांना आमच्याच घरांतील एका माणसाचें आमच्या हातून पूर्वीं झालेलें नुकसान कसें ध्यानांत आलें, तें आज सांगावयाचें आहे.

आमच्या तीर्थरूपांना घरगुती शब्द टिपून ठेवण्याचा नाद होता. शेतकरी, सुतार, सुइणी, आचारी यांच्या तोंडचे जे शब्द कोशांत सांपडत नसत, ते ते पाठकोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून एका पत्र्याच्या ट्रंकेंत टाकीत. त्यांच्या मागें ती ट्रंक माळ्यावर पडून राहिली. गेल्या माघांत ती खालीं काढली, तेव्हां चार हजारांवर चिठ्ठ्या निघाल्या. आणि त्यांतील कित्येकींना कसर लागलेली होती. त्या संगणकांत उतरवून वर्णानुक्रमें लाविल्या तर टिकतील, आणि कोणाच्या उपयोगीहि पडतील, असें आमच्या थोरल्या नातीनें सुचविलें. नात पुण्यास संगणकशास्त्र शिकते. “मग तूंच करून दे,” असें आम्ही म्हणालों. त्यावर ती म्हणाली, “आजोबा, निम्म्या चिठ्ठ्या मोडींत आहेत. त्या वाचतां तुम्हांलाच येतात. मी करूं कशी? तुम्हीच शिका.” या युक्तिवादाला उत्तर नव्हतें.

चैत्रांत आरंभ केला. भारत सरकारनें १९८६ सालीं प्रमाण म्हणून ठरविलेली ‘इनस्क्रिप्ट’ नांवाची कळफलकाची मांडणी प्रथम हातीं धरिली. ती मात्र पाहतांच आवडली. स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनें उजव्या हाताला. क आणि ख एका कळीवर, ग आणि घ एका कळीवर. अल्पप्राणाची कळ शिफ्टसह दाबिली कीं महाप्राण उमटतो. ज्यानें ही मांडणी बसविली त्याला वर्णोच्चारशास्त्राची जाण खचित असली पाहिजे. पंधरा दिवसांत बोटें चालूं लागलीं. खरी अडचण पुढें आली. चिठ्ठ्या नुसत्या लिहून भागत नाहीं. त्या कोणत्या क्रमानें लावावयाच्या याच्या आज्ञा यंत्राला त्याच्या भाषेंत लिहून द्याव्या लागतात. नातीनें त्यासाठीं ‘पायथन’ नांवाची भाषा निवडून दिली. या भाषेचा नियम असा कीं, ओळीच्या आरंभीं सोडलेली मोकळी जागा एका अक्षराइतकी कमीजास्त झाली तरी यंत्र अडून बसतें आणि तांबड्या अक्षरांत दोष दाखवितें. जन्मभर दुसऱ्यांच्या वह्यांवर तांबड्या शाईनें रेघा ओढलेल्या माणसाला तो रंग आपल्या वांट्यास आलेला पाहवत नाहीं.

आम्ही हें सर्व माडीवरील खोलींत दार लोटून करीत असूं. कोणी जिन्यावर आलें कीं यंत्र मिटून पंचांग उघडावें, असा क्रम होता. ज्येष्ठ संपेपर्यंत आम्हीं तीन वेळां हा नाद सोडिला आणि तीन वेळां पुन्हां धरिला. सोडतांना कांहींच अडचण पडली नाहीं, कारण आम्ही शिकत होतों हेंच मुळीं कोणाला ठाऊक नव्हतें. लपून शिकणाऱ्याला लपून सोडतांहि येतें, ही गोष्ट त्या तीन महिन्यांत आम्हांला नीट समजली.

आषाढांत नात सुटीवर आली तेव्हां तिनें आमची स्थिति ओळखिली. तिनें सांगितलें कीं, २०१६ सालीं अलेक्झांडर कॅलवे नांवाच्या एका तरुणानें स्वतःसाठीं एक नेम केला: शंभर दिवस रोज निदान एक तास संगणकभाषा लिहावयाची आणि आज काय केलें तें रोज सर्वांस उघड सांगावयाचें. पुढें तोच नेम देशोदेशींच्या असंख्य शिकाऊ लोकांनीं उचलला. “तुम्हीहि तसंच करा, आजोबा,” ती म्हणाली. आम्हीं विचारिलें, “सांगावयाचें कोणाला?” तिनें फोन पुढें केला. आम्हीं तो तिच्या हातीं परत दिला. ज्यांचीं तोंडें कधीं पाहिलीं नाहींत त्यांना आपली चूक सांगण्यांत कसली लाज? आमची लाज या गल्लींत राहते. तेव्हां सांगावयाचें तें गल्लीलाच सांगितलें पाहिजे.

आमच्या घराची ओटी रस्त्याला लागून आहे. तेथें एक जुना फळा भिंतीला टेकून होता. आषाढी एकादशीस तो पुसून दर्शनी टांगला आणि त्यावर लिहिलें: “दिवस १ ला. ‘रमा’ हें नांव उलटें लिहावयास यंत्राला सांगितलें. त्यानें आधीं काना लिहिला, मग म, मग र. काना एकटाच कां सुटला?”

संध्याकाळपर्यंत सर्व गल्लीनें तें वाचलें. आमचे जुने सहाध्यायी, जे आतां काठी टेकीत देवळांत जातात, ते थांबून म्हणाले, “मास्तर, या वयांत बाराखडी?” आमच्या सौभाग्यवतींनीं आंत येऊन विचारिलें, “हें असं बाहेर लिहायलाच हवं कां?” रात्रीं आम्हांला झोंप लागली नाहीं हें कबूल केलें पाहिजे. परंतु दुसऱ्या दिवशीं सकाळीं शाळेस जाणारा एक नववींतील मुलगा ओटीवर चढला आणि म्हणाला, “आजोबा, काना हें यंत्राला वेगळं अक्षरच वाटतं. म्हणून तें सुटं फिरवतं.” ज्या गोष्टीशीं दार लोटून आम्ही आठ दिवस झुंजलों असतों, ती दप्तर न उतरवितां त्यानें सांगितली. बक्षीस म्हणून त्याला आम्हीं खडू दिला आणि उत्तर त्याच्याच हातानें लिहविलें.

मग रोज एक नोंद होऊं लागली. चौथ्या दिवशीं लिहिलें: “‘क्षमा’ या शब्दांत अक्षरें किती, असें यंत्राला विचारिलें. त्यानें पांच सांगितलीं. आम्ही दोन म्हणतों.” यावर दूध घालणाऱ्यापासून भिक्षुकांपर्यंत सर्वांनीं आपआपलें मत दिलें. निर्णय असा झाला कीं, क, हलन्ताची खूण, ष, म आणि काना अशीं पांच चिन्हें यंत्र मोजतें. त्याला अक्षर म्हणजे काय हें कळत नाहीं, चिन्ह तेवढें कळतें.

तेविसाव्या दिवशीं मोठीच अडचण उभी राहिली. दोनशें चिठ्ठ्या क्रमानें लावून पाहिल्या, तों ‘क्षमा’ हा शब्द ‘क्वचित्’च्या खालीं आणि खकाराच्या वर येऊन बसला. ‘ज्ञान’ हें जकारांत घुसलें. ‘काळजी’ ही ‘कावळ्या’च्या आधीं आली. मराठी वर्णमालेंत ह नंतर ळ, क्ष, ज्ञ अशीं अक्षरें शेवटीं येतात हें आम्हीं हजारों मुलांना घोकविलें. आणि येथें तर सगळा क्रमच विस्कटलेला. दोन दिवस डोकें खाजविलें. अखेर फळ्यावर लिहिलें: “यंत्रानें क्षमेला भलत्या जागीं बसविलें आहे. तिची जागा कोठें आणि ती यंत्राला कशी सांगावी? आम्हांस जमत नाहीं.”

दुसऱ्या दिवशीं पहांटे ओटीवर आलों, तों खालीं बारीक अक्षरांत उत्तर लिहिलेलें होतें: “यंत्राजवळ प्रत्येक चिन्हाचा क्रमांक आहे. क २३२५, ख २३२६, ल २३५४, ळ २३५५, व २३५७. तें या क्रमांकांप्रमाणें लावतें. क्ष ला स्वतंत्र क्रमांक नाहीं. म्हणून तो ककारांतच राहतो. आपली वर्णमाला आपण आधीं यादी करून द्यावी, क्ष आणि ज्ञ हे तींत एकेक धरावे, आणि त्या यादीप्रमाणें लाव असें सांगावें.”

उत्तर बिनचूक होतें. परंतु आम्ही उत्तराकडे न पाहतां अक्षराकडे पाहत राहिलों. छत्तीस वर्षांत शेंकडों मुलांचें हस्ताक्षर आम्ही दुरून ओळखीत असूं; हें अक्षर मात्र आम्हीं एकाच ठिकाणीं पाहिलें होतें, आणि तें म्हणजे दर महिन्याच्या वाण्याच्या यादीवर. तें आमच्या धाकट्या सुनेचें होतें.

तिला हांक मारिली. ती पदराला हात पुशीत आली. “हें तुला कसें येतें?” असें विचारतां ती प्रथम गप्प राहिली. मग म्हणाली, “रात्रीं सगळं आवरल्यावर थोडं थोडं शिकतें, अण्णा. स्वयंपाकघरांत, फोनवर. तीन वर्षं झालीं.” “आणि आम्हांला कोणी सांगितलें कसें नाहीं?” यावर ती जें बोलली तें आम्ही जसेंच्या तसें देतों. “तुम्हीच सांगितलं होतं ना, अण्णा, अर्ध्या हळकुंडानं पिवळं होऊं नये म्हणून.”

तेव्हां आठवलें. तीन वर्षांपूर्वीं तिनें तालुक्याच्या गांवीं संगणकाच्या एका वर्गांत नांव घातलें होतें. लग्नापूर्वीं ती हिशेबाचें काम करीत असे. मूल शाळेंत जाऊं लागल्यावर पुन्हां कांहीं करावें असें तिच्या मनांत होतें. पहिल्या परीक्षेंत ती नापास झाली आणि त्या रात्रीं जेवतांना तिनें तें सरळ मनानें सांगितलें. कांहीं येऊं लागलें होतें तेंहि ती सांगत होती. आम्हीं वरणाची वाटी पुढें ओढीत ती म्हण उच्चारिली. पंक्तींत हंशा पिकला. आमच्या लेखीं तो एक विनोद होता आणि तो भात संपण्याच्या आंत आम्ही विसरलोंहि. तिनें दुसऱ्या महिन्यांत वर्ग सोडला. मुलाच्या अभ्यासाचें कारण सांगितलें, तें आम्हीं खरें मानिलें.

एका घरांत, एका छपराखालीं, दोन माणसें एकच विद्या लपून शिकत होतीं. एक माडीवर आणि एक चुलीपाशीं. आमच्या चुका तिला सांगतां आल्या असत्या, तिच्या शंकांना नातीकडून उत्तर मिळालें असतें. तें कांहींच घडलें नाहीं. आम्हीं तर तीन महिनेच लपविलें आणि तेवढ्यांत तीनदां धीर सोडला. तिनें तीन वर्षें एकटीनें धीर धरिला. परंतु सर्वांना तेवढा धीर असतोच असें नाहीं. आमच्या शाळेंत ज्यांच्या वह्या आम्ही वर्गांत मोठ्यानें वाचून दाखवीत असूं, त्यांपैकीं कितीजणांनीं संस्कृत सोडलें याचा हिशेब आम्हीं कधीं ठेविला नाहीं. आतां ठेवूं म्हटलें तरी तो लागणार नाहीं.

त्या दिवशीं फळ्यावर आम्हीं लिहिलें: “क्षमेची जागा आज सूनबाईंनीं दाखवून दिली.” आणि रात्रीं पंक्तींत सर्वांच्या देखत सांगितलें कीं, तीन वर्षांपूर्वीं याच पाटावर बसून आम्ही जें बोललों तें चुकीचें होतें. वडील माणसाला हें वाक्य उच्चारणें किती जड जातें तें वडील वाचकांस सांगावयास नको. तिनें मान खालीं घालून ताक वाढलें. दुसऱ्या दिवसापासून फळ्याच्या मधोमध एक रेघ ओढिली आणि उजवी बाजू तिला दिली.

आतां या प्रकरणाचा थोडा शांतपणें विचार करूं. शिकतां शिकतां उघड सांगणें ही कांहीं केवळ आजकालच्या पोरांची टूम नव्हे. आपल्याच घरचें उदाहरण घ्या. त्र्यंबकेश्वर येथें १८७० सालीं एका संस्कृत विद्वानाच्या पोटीं जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके यांनीं मुंबईंत ख्रिस्ताच्या चरित्रावरील चित्रपट पाहिला आणि चाळिशी उलटल्यावर ती विद्या शिकावयास घेतली. १९१२ सालीं ते विलायतेस जाऊन आले, यंत्रसामग्री आणली. परंतु पुढें भांडवल हवें होतें, आणि हिंदुस्थानांत जें कोणीं केलें नाहीं त्यासाठीं पैसे कोण देणार? त्यांनीं कुंडींत वाटाण्याचा दाणा पेरिला आणि तो उगवून वाढेपर्यंत ठराविक अंतरानें त्याचें एकेक चित्र घेतलें. त्या चित्रांची लहानशी पट्टी त्यांनीं निवडक मंडळींस दाखविली. पडद्यावर अंकुर वाढतांना पाहून कर्ज देणारा पुढें आला. ३ मे १९१३ रोजीं ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमांत लोकांपुढें आला. फाळके जर पुरा चित्रपट तयार होईपर्यंत मूठ झांकून बसते, तर तो कधींच तयार होता ना. पुढें १९१७-१८ मध्यें ‘नवयुग’ मासिकांतून त्यांनीं स्वतःच आपल्या खटपटीची हकीकत लिहिली. सौ. सरस्वतीबाई या तर फिल्मला छिद्रें पाडण्यापासून ती धुण्यापर्यंत सर्व कामें घरींच शिकल्या. एका घरांत दोघांनीं उघडपणें एक विद्या शिकल्यानें काय होतें, याचा याहून मोठा दाखला आम्हांला ठाऊक नाहीं.

दुसरें उदाहरण परदेशचें. २५ ऑगस्ट १९९१ रोजीं फिनलंडमधील हेलसिंकी येथील लायनस टोरवाल्ड्स नांवाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें संगणकप्रेमी लोकांच्या एका सार्वजनिक चर्चामंडळांत कळविलें कीं, आपण हौस म्हणून संगणक चालविणारी एक प्रणाली लिहीत आहों. ती कांहीं मोठी होणार नाहीं. तींत काय असावें तें सांगा. काम तेव्हां अपुरें होतें, आणि तें अपुरें आहे हें त्यानें लपविलें नाहीं. लोकांनीं दोष दाखविले, सुधारणा पाठविल्या, हात लाविले. तीच आजची ‘लिनक्स’. आपल्या घरांतील अँड्रॉइड फोनच्या मुळाशीं तिचाच गाभा आहे, आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून जगांतील पांचशें सर्वांत वेगवान संगणक तिच्यावरच चालत आले आहेत. अपुऱ्या कामांत दुसऱ्याला हात घालावयास जागा असते. पुऱ्या झालेल्या कामाचें लोक कौतुक करतात आणि पुढें चालूं लागतात.

येथें एक आक्षेप निघतो, आणि तो खोटा नाहीं. कित्येक लोक करण्यापेक्षां सांगण्यांतच रमतात. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर व त्यांचे सहकारी यांनीं २००९ सालीं प्रयोगांवरून असें दाखविलें कीं, आपण अमुक होणार हा संकल्प दुसऱ्यानें जाणला म्हणजे मनाला तें झाल्यासारखेंच वाटूं लागतें आणि परिश्रम उलट कमी होतात. परंतु संकल्प सांगणें निराळें आणि केलेलें सांगणें निराळें. २०१६ सालीं हार्किन आदि संशोधकांनीं १३८ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत असें आढळलें कीं, आपण किती पुढें आलों याची वेळोवेळीं तपासणी करणारा मनुष्य आपलें उद्दिष्ट अधिक गांठतो. आणि ती तपासणी लिहून ठेविली किंवा दुसऱ्यांस उघड केली, तर गुण आणखी वाढतो. तेव्हां “मी संगणक शिकणार” असें सांगत फिरूं नये. “आज हें केलें, येथें अडलें” एवढेंच सांगावें. आमच्या फळ्यावर भविष्यकाळाचें क्रियापद लिहावयाचें नाहीं असा नियमच आम्हीं केला आहे.

हा फळा पांच महिने चालविल्यावर जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवितों. ज्यांना आपल्या घरीं असें कांहीं करावयाचें असेल त्यांना त्याचा उपयोग होईल. नोंद लहान असावी, दोनतीन ओळींची. मोठी लिहूं लागलें कीं लिहिण्यांतच तास जातो. जें अडलें तें ठिकाण नेमकें लिहावें. “कांहीं जमत नाहीं” असें लिहिल्यास वाचणारा हळहळतो, पण मदत करूं शकत नाहीं. चूक सुटली म्हणजे ती कशी सुटली तें लिहावें, कारण तीच चूक मागून येणाऱ्याला अडविणार असते. ज्यानें उत्तर दिलें त्याचें श्रेय त्याला द्यावें, मग तें नववींतील मूल कां असेना. एखादा दिवस चुकला तर चुकला म्हणून लिहावें. भाद्रपदांत आम्हांला ताप आला तेव्हां फळ्यावर “ताप” एवढाच शब्द दोन दिवस होता. फळा नसेल तर दिनदर्शिकेचा मागचा कोरा भाग पुरे. ती स्वयंपाकघराच्या दारावर लावावी म्हणजे झालें.

कांहीं गोष्टी मात्र झांकून ठेवाव्या, आणि तेथें जुनी म्हण खरी आहे. परवलीचे शब्द, बँकेचे क्रमांक, फोनवर येणारे ओटीपी, ज्या कचेरींत आपण काम करतों तेथील कागद, आणि घरांतील मुलांचीं छायाचित्रें व शाळांचीं नांवें, हीं शिकण्याच्या उत्साहांत बाहेर ठेवूं नयेत. ओटीवरील फळा रात्रीं पुसतां येतो. फोनवरून जें जगांत गेलें तें पुसतां येईलच असें नाहीं.

पण सांगणाऱ्यापेक्षां ऐकणाऱ्यांचें कर्तव्य आम्हांस अधिक महत्त्वाचें वाटतें. वेदपाठशाळेंत स्वर चुकला तर गुरु तेथल्या तेथें, सर्वांसमक्ष सुधारीत. परंतु तो सुधारून लगेच पुढची ऋचा सांगत, चुकलेल्या मुलाचा तमाशा करीत नसत. आम्ही शाळामास्तरांनीं सुधारणेचा भाग सोडला आणि तमाशाचा धरिला. एकत्र कुटुंबांत एक चूक दहा कानांवर जाते आणि दहा तोंडांतून परत येते. म्हणून एकत्र कुटुंबांत हा दोष अधिक घातक. कोणी आपलें अर्धें शिक्षण आपल्यापुढें मांडलें तर आधीं काय जमलें तें विचारावें, मग जें अडलें त्यांत आपल्याला कांहीं येत असेल तर सांगावें. येत नसेल तर पानांतला भात जेवावा. विनोद करण्याचा मोह होईल. तो आवरावा. तो विनोद किती वर्षें कोणाच्या मनांत बसून राहील हें विनोद करणाऱ्याला कळत नाहीं.

कार्तिकांत सूनबाईनें पुन्हां परीक्षा दिली; या वेळीं तिथि फळ्यावर लिहूनच. दोन विषय होते. निकाल लागला त्या संध्याकाळीं ती फळ्यापाशीं जरा वेळ उभी राहिली आणि आपल्या बाजूला लिहिलें: “पहिला विषय उत्तीर्ण. दुसऱ्यांत सात गुणांनीं नापास. माहितीचे तक्ते जोडण्याचा प्रश्न चुकला.” दिवेलागणीला बायका हरिपाठाला जावयास निघाल्या होत्या, त्या वाचून गेल्या. आमच्या सौभाग्यवतींचा जीव कासावीस झाला. त्या ओलें फडकें घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “अग, निदान तेवढी नापासाची ओळ तरी पुसतें. लोक काय म्हणतील?”

आम्ही दारांतच उभे होतों. कांहीं बोललों नाहीं. या घरांत अशा प्रसंगीं आधीं आम्हीं बोलण्याची जी वहिवाट होती ती मोडावयास हीच वेळ होती.

सूनबाई म्हणाली, “राहूं द्या, आई. उद्यां त्याच्या खालीं बरोबर उत्तर लिहायचं आहे.”

सौभाग्यवतींनीं फडकें पिळून कठड्यावर वाळत टाकलें. ट्रंकेंतील चिठ्ठ्या आजवर अकराशें चाळीस उतरल्या आहेत, आणि क्षमा आतां ळकाराच्या खालीं, आपल्या जागीं येते.